दामोदर कोसंबी : चेहरा ओळखणारं गणित आणि डेक्कन क्वीनने जाणारा गणितज्ञ



मी वांद्रे पूर्वेला राहतो आणि बीकेसीत सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून नोकरी करतो. कोणतं टूल वापरून बघितलं, फोनची कोणती सेटिंग बदलली, कामात कशाने वेळ वाचला, अशा नोंदी मी एका फाइलमध्ये लिहून ठेवत असतो. त्या फाइलमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येतं आणि ते कुठल्या ॲपचं नाही. ते आहे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव इतिहासाच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलं असेल. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. पण कोसंबी मुळात गणितज्ञ होते. त्यांनी १९४३ मध्ये मांडलेलं गणित पुढे कॉम्प्युटरला चेहरे ओळखायला शिकवताना उपयोगी पडलं, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं.

आज त्यांचं आयुष्य थोडक्यात सांगतो. मध्ये मध्ये फोन, पासवर्ड आणि आपल्या रोजच्या कामाबद्दलही बोलेन. कारण कोसंबींनी नाणी तपासली, जुन्या पोथ्या तपासल्या, दगड तपासले, पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच होता: ही गोष्ट खरी आहे हे कशावरून, आणि ती चुकीची असण्याची शक्यता किती? सिक्युरिटीचं काम करणारा माणूसही दिवसभर हाच प्रश्न विचारत असतो.

गोव्यातलं गाव ते हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन गावी झाला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आमच्या वांद्र्यात किल्ल्यावर फिरायला गेलात तर पोर्तुगीजांच्या जुन्या भिंती अजून दिसतात, आणि गोव्याहून येऊन इथे स्थायिक झालेली कुटुंबंही भरपूर आहेत. त्यामुळे कोसंबींच्या घराची गोष्ट इथल्या माणसाला फारशी परकी वाटत नाही.

त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्धाबद्दल शिकायचं म्हणून ते घर सोडून निघाले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं आलं होतं. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी सोबत नेलं. दामोदर तेव्हा ११ वर्षांचा होता.

शाळा तिकडेच झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली, तीही सर्वोच्च श्रेणीत. गणितात त्यांना गती होतीच, पण भाषा, इतिहास, विज्ञान या सगळ्यांतच ते रमायचे. सायबरनेटिक्स या विषयाचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांची ओळख याच काळातली. आपण आज ज्या शब्दाला सायबर म्हणतो, त्याची वाट वीनरांच्या पुस्तकातून जाते.

बनारस, अलीगढ आणि एक फेक आयडी

भारतात परत आल्यावर कोसंबी आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग अलीगढला शिकवू लागले. अलीगढला तेव्हा आंद्रे वेल हे तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होते. इथे एक धमाल प्रकार घडला.

वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक पेपर छापला. त्यात एका प्रमेयाचं श्रेय त्यांनी डी. बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाला दिलं. रशियन क्रांतीच्या वेळी विषप्रयोगाने मेलेला हा गणितज्ञ फारसा कुणाला माहीत नाही, असंही त्यात होतं. माहीत असणार तरी कसा? असा माणूस कधी अस्तित्वातच नव्हता! ही सरळसरळ थट्टा होती. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी मिळून निकोलस बुर्बाकी याच टोपणनावाने गणिताचे जाडजूड ग्रंथ लिहिले आणि ते नाव जगभर गाजलं. गणिताच्या पेपरात हे खोटं नाव पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या हातून.

माझ्या फाइलमध्ये ही गोष्ट फेक आयडी या शीर्षकाखाली आहे. छापील कागद, भारदस्त भाषा आणि परदेशी नाव, एवढं असलं की माणसं सहज विश्वास ठेवतात. आज निळी टिक, कंपनीचा लोगो आणि डीपीवरचा सूट घातलेला फोटो हेच काम करतात. कोसंबींची थट्टा निरुपद्रवी होती. तुम्हाला कुरिअरवाला बनून लिंक पाठवणारा माणूस निरुपद्रवी नसतो.

तराजू घेऊन बसलेला गणितज्ञ

१९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात आले आणि पुढची बारा वर्षं तिथे शिकवलं. वडीलही इथेच शिकवून गेले होते. १९३४ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचं रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

या काळात त्यांना संख्याशास्त्र स्वतः शिकायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी निवडली प्राचीन भारतातली चांदीची आहत नाणी. ही नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे, त्यांवर ठशांनी खुणा उमटवलेल्या. राजाचं नाव नाही, साल नाही. मग कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ओळखायचं कसं?

कोसंबींनी हजारो नाणी एकेक करून अचूक तराजूवर तोलली. त्यामागचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं जास्त झिजेल. म्हणजे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरेल, आणि प्रत्येक नाण्याचं नशीब वेगळं असल्यामुळे त्यांच्या वजनांतला आपापसातला फरकही वाढलेला असेल.

हे आपल्या भाषेत सांगतो. एकाच दिवशी एकाच मॉडेलचे शंभर फोन विकले गेले असं समजा. पहिल्या दिवशी सगळ्यांची बॅटरी हेल्थ शंभर टक्के. दोन वर्षांनी तपासलीत तर सरासरी खाली आलेली दिसेल, पण शिवाय कुणाची ९२ तर कुणाची ७८ अशी पांगापांगही झालेली असेल. एका फोनवरून काही सांगता येणार नाही. शंभर फोनांवरून मात्र ते साधारण किती वापरले गेले याचा अंदाज बांधता येतो. कोसंबींनी नाण्यांच्या ढिगाकडे असंच बघितलं.

पण हा विचार नुसता डोक्यात बरोबर वाटून भागत नाही. म्हणून त्यांनी आपल्या काळात चलनात असलेली, ज्यांवर साल छापलेलं आहे अशी नाणीही तोलून बघितली. जिथे उत्तर आधीच माहीत आहे तिथे पद्धत चालते का ते पाहायचं, आणि मग ती अनोळखी ठिकाणी लावायची. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना टेस्ट लिहितो त्या याच कारणासाठी. नाण्यांबद्दलच्या त्यांच्या काही गृहीतकांवर नंतर वाद झाले, पण मोजून बोलायची ही रीत टिकली.

१९४३ चा पेपर आणि सरासरी चेहरा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींचा एक पेपर आला. त्यात चेहरे नव्हते, कॅमेरा नव्हता. विषय होता वेडावाकडा बदलणारा आलेख. दिवसभराचं तापमान, वाऱ्याचा वेग, आवाजाची लहर, असा कुठलाही आलेख डोळ्यांसमोर आणा. कोसंबींनी दाखवलं की असे आलेख काही मूळ आकारांच्या बेरजेतून मांडता येतात, आणि हे मूळ आकार महत्त्वाच्या क्रमाने लावता येतात. पहिले काही आकार घेतले की बहुतेक फरक त्यांतच सापडतो, उरलेलं सोडून दिलं तरी फारसं बिघडत नाही.

युरोपात कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह हे दोघे स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले. जगात ही पद्धत बहुतेक ठिकाणी त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. माहितगार लोक तिसरं नाव कोसंबींचं जोडतात.

हे चेहऱ्याला कसं लागू होतं ते बघा. एका काळ्या-पांढऱ्या फोटोत आडवे १०० आणि उभे १०० ठिपके आहेत असं धरा. म्हणजे एका चेहऱ्याचे १०,००० आकडे झाले. पण चेहरे मनमानी नसतात. सगळ्यांना दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड. म्हणून आधी खूप चेहऱ्यांचा मिळून एक सरासरी चेहरा काढायचा. मग लोकांचे चेहरे या सरासरीपासून कोणकोणत्या प्रकारे सगळ्यात जास्त वेगळे होतात ते शोधायचं. त्यानंतर कुठलाही चेहरा म्हणजे सरासरी चेहरा, अधिक पहिला फरक इतका, अधिक दुसरा फरक तितका, असं लिहिता येतं. दहा हजार आकड्यांऐवजी काही डझन आकड्यांत काम होतं.

अमेरिकेतल्या सिरोविच आणि किर्बी यांनी १९८७ मध्ये चेहऱ्यांसाठी ही पद्धत वापरून दाखवली. १९९१ मध्ये एमआयटीतल्या टर्क आणि पेंटलंड यांनी तिच्यावरून चेहरा ओळखणारी यंत्रणा उभी केली. आजचे फोन यापेक्षा फार पुढे गेलेत, ते न्यूरल नेटवर्क वापरतात. त्यामुळे तुमचा फोन कोसंबींचं सूत्र चालवतो असं मी म्हणणार नाही. पण गाभा तोच आहे: चेहऱ्याचे थोडेसे आकडे करायचे आणि मग दोन चेहऱ्यांच्या आकड्यांमधलं अंतर मोजायचं.

अंतर किती असलं की तो तुम्हीच?

इथेच सिक्युरिटीचा प्रश्न येतो. तुमचा आजचा चेहरा आणि फोनमध्ये साठवलेला चेहरा कधीच तंतोतंत जुळत नाही. दाढी वाढते, उजेड बदलतो, झोप झालेली नसते. म्हणून कुणीतरी एक मर्यादा ठरवतं. अंतर त्या मर्यादेच्या आत असेल तर दार उघड, नाहीतर बंद. मर्यादा सैल ठेवली तर परका माणूस आत येतो. कडक ठेवली तर घरचा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत.

ॲपल आपल्या फेस आयडीबद्दल सांगतं, की कुणाही अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने तुमचा फोन उघडण्याची शक्यता १० लाखांत एकापेक्षा कमी आहे. बोटाच्या ठशासाठी हाच आकडा त्यांनी ५०,००० ला एक असा दिलाय. जुळ्या भावंडांच्या बाबतीत चेहऱ्याचा भरवसा कमी होतो, हेही ते सांगतात. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये अनेकदा फक्त पुढचा साधा कॅमेरा असतो, त्यामुळे तिथलं फेस अनलॉक तितकं पक्कं नसतं. म्हणूनच बँकेची बरीच ॲप अशा फोनवर चेहरा स्वीकारत नाहीत, बोटाचा ठसा किंवा पिन मागतात.

हा नुसता फोनचा विषय नाही. मी आधी ज्या इमारतीत काम करायचो तिथे सफाई करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांची हजेरी चेहरा बघणाऱ्या मशीनवर लागायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या मोठा काळा चष्मा लावून कामावर आल्या आणि मशीनने तीन दिवस त्यांना ओळखलंच नाही. चष्मा काढायला डॉक्टरांनी मनाई केलेली. महिन्याच्या शेवटी तीन दिवसांचा पगार कापला गेला, वर सुपरवायझर म्हणाला की मशीन खोटं बोलत नाही. शेवटी गेटवरच्या वॉचमन काकांची वही कामी आली. त्यात तिन्ही दिवस मावशींची येण्या-जाण्याची सही होती. ती दाखवल्यावर दोन आठवड्यांनी पैसे मिळाले.

तीन दिवसांचा पगार म्हणजे त्यांच्या घरातला किराणा. मशीन खोटं बोललं नव्हतं, पण त्याने सत्यही सांगितलं नव्हतं. त्याने फक्त अंतर मोजलं होतं, आणि कुणीतरी त्या अंतराला पुरावा मानलं. वही होती म्हणून निभावलं. हा दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधायची सवय कोसंबींच्या सगळ्या कामात दिसते.

पोथ्या, फॉरवर्ड आणि व्हर्जन कंट्रोल

भर्तृहरीची शतकं शतकानुशतकं हाताने नकलून घेतली गेली. प्रत्येक नकलणारा एखादा श्लोक गाळायचा, एखादा आवडलेला घुसवायचा, एखादा शब्द बदलायचा. कोसंबींनी या काव्याची साडेतीनशेहून जास्त हस्तलिखितं तपासली, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून आली असावी याची कुळं लावली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती छापली. बहुतेक सगळ्या परंपरांत सापडणारे सुमारे २०० श्लोक त्यांनी गाभा म्हणून वेगळे काढले.

डेव्हलपर मित्रांना हे लगेच कळेल. साडेतीनशे लोकांनी एकाच कोडची कॉपी घेऊन आपापले बदल केले, आणि कुणी काय कधी बदललं याची नोंदच ठेवली नाही! मग नुसते फरक बघून मूळ शोधायचं. आज आपल्याकडे गिट आहे, प्रत्येक बदलावर नाव आणि वेळ असते. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर मात्र काहीच नसतं. म्हणून फॉरवर्ड वाचताना मी पोथीचा नियम लावतो. पन्नास ग्रुपवर एकच मजकूर आला म्हणजे पन्नास पुरावे झाले नाहीत. सगळ्या नकला एकाच पोथीच्या असतील तर पुरावा एकच.

डेक्कन क्वीन आणि कॉम्प्युटर

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. संस्था बंगळुरूत सुरू झाली, पण त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या आजच्या जागेचं उद्घाटन झालं.

कोसंबींनी घर मात्र पुण्यातच ठेवलं. पत्नी नलिनी, मुली माया आणि मीरा तिथेच होत्या. कोसंबी डेक्कन क्वीनने मुंबईला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. पुणे ते मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३८४ किलोमीटर, आणि तेही वर्षानुवर्षं. आमच्या टीममधली निम्मी मंडळी विरार, कल्याण, पनवेलहून वांद्र्याला येतात आणि दमतात. त्यांना मी हे सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर कोसंबी इंग्लंड आणि अमेरिकेला गेले. उद्देश होता कॉम्प्युटर कसे बांधतात आणि चालवतात याचा अभ्यास. हा काळ लक्षात घ्या. मशीनच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला तो मँचेस्टरमध्ये, जून १९४८ मध्ये. भारतात तेव्हा एकही इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर नव्हता. टाटा संस्थेत बनलेला टिफ्रॅक पूर्णपणे कामाला लागला १९६० मध्ये. म्हणजे आपल्याकडे मशीन यायच्या आधीच ते समजून घ्यायला गेलेल्या मोजक्या भारतीयांत कोसंबी होते.

सुट्टीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपास पायी भटकायचे. कार्ले, जुन्नर, डोंगरवाटा, धनगरांच्या जागा, शेंदूर लावलेले गावदेवीचे दगड. अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं ते वेचून आणत. या पायपिटीतून १९५६ चं भारतीय इतिहासावरचं त्यांचं पुस्तक उभं राहिलं. जुना ग्रंथ काय सांगतो, जमिनीत काय सापडतं आणि आजही लोक काय पाळतात, हे तिन्ही जुळवून बघायचं अशी त्यांची पद्धत होती. एकाच पुराव्यावर ते थांबत नसत. टू-स्टेप व्हेरिफिकेशन समजावताना मी हेच उदाहरण देतो. पासवर्ड चोरीला जाऊ शकतो, फोन हरवू शकतो. दोन्ही एकाच चोराच्या हाती एकाच वेळी पडणं कठीण असतं.

जिथे दुसरा तपास झाला नाही

आता त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग. १८५९ मध्ये रीमान यांनी मूळ संख्यांबद्दल, म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा संख्यांच्या वाटणीबद्दल एक अंदाज मांडला. तो अजूनही सिद्ध झालेला नाही. त्यावर आज १० लाख डॉलरचं बक्षीस आहे. मूळ संख्यांवर इंटरनेटची काही कुलपं उभी आहेत, त्यामुळे रीमानचा अंदाज सिद्ध झाला की सगळे पासवर्ड फुटतील असं कुणीकुणी सांगतं. तसं नाही. नुसत्या सिद्धतेने कुठलं कुलूप उघडत नाही.

संभाव्यतेच्या गणिताने ही गाठ सुटेल असं कोसंबींना वाटलं. १९५९ मध्ये त्यांनी आपली सिद्धता छापली, तीही कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. शुद्ध गणितातला सगळ्यात कठीण प्रश्न आणि तपासणारे त्या विषयाचे जाणकारच नाहीत, असा हा प्रकार होता. सिद्धतेत दोष होता. एखादी गोष्ट बहुधा खरी आहे असं दाखवणं आणि ती नेहमीच खरी आहे असं सिद्ध करणं यांत जे अंतर आहे, ते भरून निघालं नव्हतं. गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांच्या नावाला याचा मोठा फटका बसला.

हे वाचून मला त्यांच्यावर हसावंसं वाटत नाही. नाण्यांवर त्यांनी पद्धत आधी माहीत असलेल्या ठिकाणी पारखली होती. पोथ्यांवर शेकडो नकला शेजारी ठेवल्या होत्या. इथे मात्र त्यांच्या कामाला बरोबरीचा तपासनीस मिळाला नाही. आमच्या कामात कोड रिव्ह्यूचा नियम हुशार माणसालाही लागू असतो तो यासाठीच. जितका माणूस हुशार, तितकं त्याचं म्हणणं कुणी न तपासता पुढे जाण्याचा धोका मोठा.

सूर्य, अणू आणि शेवटची वर्षं

त्याच सुमारास भाभांशी त्यांचे मतभेद वाढले होते. भाभा देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम उभा करत होते. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेवर भर द्यावा असं उघडपणे म्हणत होते. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्येही त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चाचा आणि उपयोगाचा असाच हिशेब मांडला. ज्या संस्थेचा प्रमुखच अणुऊर्जेचा कर्ताधर्ता, तिथे नोकरी करून हे बोलणं सोपं नव्हतं. १९६२ मध्ये त्यांची मुदत वाढवली गेली नाही आणि सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली.

पण काम थांबलं नाही. १९६२ मध्ये मिथकांवरचं त्यांचं पुस्तक आलं, १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. काही गणिती पेपर त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. म्हणजे तरुणपणी बुर्बाकीला जन्म देणारा माणूस उतारवयात स्वतःच दुसऱ्या नावाआड गेला. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच त्यांचं निधन झालं. वय होतं ५८.

२००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. मुलगी मीरा कोसंबी पुढे नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञ झाल्या. आणि शेतीतल्या पिकांचे जनुकीय नकाशे बनवणारे लोक आजही कोसंबींच्या नावाचं एक सूत्र वापरतात, १९४४ मधलं. नोकरी गेली, सिद्धता चुकली, तरी हे सूत्र सॉफ्टवेअरच्या आत अजून चालू आहे.

तुमच्या फोनसाठी पाच गोष्टी

कोसंबींच्या आयुष्यावरून माझ्या नोंदींमध्ये मी हे लिहून ठेवलंय. तुम्हीही करून बघा.

१. फेस अनलॉक सोयीसाठी ठेवा, पण त्यामागचा पिन पक्का ठेवा. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता असतात, सहा आकडीच्या १० लाख. जन्मतारीख टाकलीत तर मात्र हा हिशेब फुकट जातो.

२. तुमचा फोन स्वस्तातला असेल आणि त्यात साध्या कॅमेऱ्याचं फेस अनलॉक असेल, तर पैशाच्या ॲपसाठी बोटाचा ठसा किंवा पिन निवडा.

३. गर्दीत किंवा प्रवासात फोन हातातून जाईल अशी भीती वाटली तर तो रिस्टार्ट करा. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा चेहरा चालत नाही, पिनच लागतो.

४. ईमेल आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या आई-बाबांना, आजी-आजोबांना समजावून सांगा.

५. एखाद्या मशीनने किंवा ॲपने तुम्हाला चुकीचं ठरवलं तर गप्प बसू नका. स्क्रीनशॉट, पावती, मेसेज, वहीतली सही, जे असेल ते दाखवा. मशीनचा निर्णय म्हणजे मोजलेलं अंतर. त्याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवायचा हक्क तुम्हाला आहे.

पाचवा मुद्दा मी मावशींनाही सांगितला होता. त्या आता जिथे काम करतात तिथेही चेहऱ्याचं मशीन आहे, पण गेटवरच्या वहीत सही केल्याशिवाय त्या आत जात नाहीत.